पूर्वजांचें ताट

भाद्रपद शुद्ध पंचमीच्या दिवशीं, गणेशचतुर्थीच्या मोदकांची चव जिभेवरून उतरते न उतरते तोंच, महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांतून एक विलक्षण जेवण रांधलें जातें. त्या दिवशीं ऋषिपंचमीचें व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या श्रमाचें कांहीं खात नाहींत. नांगरलेल्या शेतांतील गहूं, ज्वारी, तांदूळ वर्ज्य. परसांत हातानें खणून लावलेलें अळू, सुरण, भोपळा, भेंडी, शिराळें, मक्याचें कणीस यांची एकत्र शिजवलेली 'ऋषीची भाजी' मात्र चालते. या व्रताच्या मुळाशीं असलेली विटाळाची कल्पना आज कोणा विचारी मनुष्याला पटणार नाहीं, आणि ती टाकून द्यावी हेंच योग्य. परंतु ती बाजूला सारल्यावर जें उरतें तें विचार करण्यासारखें आहे. नांगर हातीं येण्यापूर्वीं मनुष्य जें खात असेल तें वर्षांतून एक दिवस कां होईना आपण खावें, आणि ज्यांनीं आपल्याला विद्या दिली त्यांच्या पंक्तीला क्षणभर बसावें, अशी ती इच्छा आहे. शेतीनें मनुष्याला पुष्कळ दिलें, पण त्याचें कांहीं हिरावूनहि घेतलें, ही रुखरुख मानवजातीच्या मनांत जुनी आहे. १७५५ सालीं रूसोनें विषमतेच्या उगमावर लिहिलेल्या प्रबंधांत लोखंड आणि धान्य या दोन वस्तूंच्या माथीं मनुष्याच्या अधःपाताचें खापर फोडलें. १९८७ सालीं जॅरेड डायमंड या अमेरिकन शास्त्रज्ञानें तर शेतीला मनुष्यजातीची सर्वांत मोठी चूक ठरविलें.

हीच रुखरुख आज एका नव्या आहारपंथाच्या रूपानें सुशिक्षित कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत शिरली आहे. 'पॅलिओ', म्हणजे पुराश्मयुगीन आहार, हें त्याचें नांव. १९७५ सालीं वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकन डॉक्टरानें अश्मयुगांतील आहारावर पुस्तक लिहिलें. १९८५ सालीं बॉइड ईटन आणि मेल्व्हिन कॉनर यांनीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्यें निबंध लिहून त्या कल्पनेला शास्त्राची बैठक दिली. आणि २००२ सालीं लॉरेन कॉर्डेन यांच्या ग्रंथानें ती घरोघर पोंचविली. सिद्धान्त थोडक्यांत असा: मनुष्याच्या देहाची घडण लाखों वर्षें शिकारीवर व कंदमुळांवर झाली, शेतीला फार तर दहा-बारा हजार वर्षें झालीं, एवढ्या अल्प काळांत देह नव्या अन्नाला सरावला नाहीं, आणि म्हणून मधुमेह, स्थूलता, हृद्रोग हे आपले सोबती झाले. तेव्हां मांस, मासे, अंडीं, भाज्या, फळें, बदाम-अक्रोड आणि कंद एवढेंच खावें. धान्य, डाळी, दूध, साखर, मीठ व कारखान्यांतील तेलें सोडावीं. मराठी माणसाला हें ऐकून प्रथम हंसूं येतें. भाकरी, वरण आणि ताक वजा केल्यावर आपल्या ताटांत उरतें काय? एक कोशिंबीर, तीहि दह्यावांचून!

परंतु हंसून सोडून देण्याइतका हा पंथ पोकळ नाहीं. तो ज्याच्याविरुद्ध उभा राहिला आहे तो शत्रु खरा आहे, आणि त्याची ओळख फार पूर्वींच पटावयास हवी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांतील बटाव्हिया येथें ख्रिस्तिआन आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचे जंतु शोधीत होता. त्याच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्यांचे पाय एकाएकीं लुळे पडूं लागले, आणि कांहीं महिन्यांनीं तो रोग तसाच एकाएकीं नाहींसा झाला. चौकशी करतां असें निष्पन्न झालें कीं, मधल्या काळांत त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यांतील पांढरा सडीक तांदूळ मिळत होता. पुढें नवा आचारी आला. त्यानें लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना देण्याचें साफ नाकारलें. आणि कोंड्यासकट तांदूळ खाऊन कोंबड्या पुन्हां पायांवर उभ्या राहिल्या. जंतु नव्हताच; जें होतें तें यंत्रानें काढून टाकलें होतें. एका आचाऱ्याच्या काटेकोरपणाचे वैद्यकशास्त्रावर एवढे उपकार क्वचितच झाले असतील. आइकमनला १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच सालीं गांधीजी सहकाऱ्यांसह न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग करीत होते. तो प्रकृतीला मानवला नाहीं तेव्हां त्यांनीं तो सोडला, आणि सोडल्याचें प्रांजळपणें जाहीरहि केलें. पुढें १९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानें वर्ध्याहून हातसडीच्या तांदुळाचा आणि जात्यावरच्या पिठाचा पुरस्कार केला. शहरांतील शहाण्यांना तेव्हां तो चरख्याच्या जातीचा एक हट्ट वाटला.

आजचें यंत्र कोंडा काढून थांबत नाहीं. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेइरो यांनीं अन्नाचे चार वर्ग पाडले, आणि चौथ्या वर्गांत तें अन्न घातलें कीं ज्याचे घटक कारखान्यांत सुटे करून पुन्हां जुळवलेले असतात, आणि ज्याला रंग, वास व स्वाद बाहेरून चढवलेला असतो. पुड्यांतील बिस्किटें, तळलेले कुरकुरीत तुकडे, दोन मिनिटांच्या शेवया, गोड फसफसतीं पेयें, हें सारें त्यांत येतें. अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत केव्हिन हॉल यांनीं २० प्रौढ माणसांना चार आठवडे ठेवून घेतलें. दोन आठवडे असें अन्न व दोन आठवडे साधें घरगुती धर्तीचें अन्न दिलें. वाढलेल्या ताटांत साखर, स्निग्धांश, मीठ व तंतु यांचें प्रमाण शक्य तितकें सारखें राखलें होतें, आणि हवें तेवढें खावें अशी मुभा होती. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, कारखानी अन्नावर असतांना माणसें रोज सुमारें ५०० कॅलरी अधिक खात, आणि दोन आठवड्यांत त्यांचें वजन जवळजवळ एक किलोनें वाढे. साध्या अन्नावर तें तितकेंच उतरे.

या प्रयोगाचा नीतिशास्त्राशीं फार निकटचा संबंध आहे असें मला वाटतें. जिभेवर ताबा ठेवणें हा आपल्याकडे सद्गुणांचा पाया मानला गेला, आणि अधिक खाणारा मनुष्य हा दुबळ्या मनाचा, अशी आपली सरसकट समजूत आहे. लठ्ठ मुलाला नातेवाईक ज्या निर्दयपणें टोंचून बोलतात त्याच्या मुळाशीं हीच समजूत असते. परंतु त्या वीस माणसांचें मन दोन आठवड्यांपुरतें दुबळें होऊन पुढील दोन आठवड्यांत पुन्हां बळकट झालें असें थोडेंच आहे? मन तेंच होतें. ताट बदललें होतें. हात थांबूं नये अशीच ज्या पदार्थाची रचना केलेली आहे, तो समोर ठेवून मनुष्याकडे संयमाची मागणी करणें म्हणजे उतारावर ढकलून दिलेल्याला जपून चालण्याचा उपदेश करणें होय. संयमाचें खरें स्थान पुडा फोडल्यानंतर नाहीं; तो घरांत आणावा कीं नाहीं हें ठरवितांना आहे. आणि तेथें पॅलिओपंथी मनुष्य आपल्यापेक्षां पुढें आहे, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. स्वीडनमध्यें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत हृद्रोग व रक्तशर्करेचा दोष असलेले २९ पुरुष बारा आठवडे दोन निरनिराळ्या आहारांवर ठेवले होते. पुराश्मयुगीन आहारावर असलेल्यांची रक्तशर्करा भूमध्यसागरी धर्तीच्या आहारावरील सोबत्यांपेक्षां अधिक सुधारली. २९ माणसें म्हणजे फार नव्हेत, पण पुरावा तो पुरावाच.

माझें भांडण आहे तें या आचारासाठीं दिल्या जाणाऱ्या कारणाशीं. तें कारण म्हणजे पूर्वज.

कोणते पूर्वज? ध्रुवप्रदेशांतील इनुइट लोक जवळजवळ सर्वस्वीं मांसमत्स्यांवर जगत. टांझानियांतील हाड्झा लोक कंद, बोरांसारखीं फळें आणि मध यांवर मोठी भिस्त ठेवतात. गॅलिली सरोवराच्या कांठीं ओहालो येथें सुमारें २३,००० वर्षांपूर्वींच्या झोपड्या सांपडल्या, आणि त्यांतील एका दगडावर रानटी जव दळल्याच्या खुणा आढळल्या. जॉर्डनमध्यें शुबायका येथील चुलींत करपलेल्या भाकरीचे तुकडे मिळाले ते १४,४०० वर्षांपूर्वींचे, म्हणजे तेथें शेती सुरू होण्याच्या सुमारें चार हजार वर्षें आधींचे! मोरोक्कोंतील ताफोराल्तच्या गुहेंतील शिकारी लोकांचे दांत ओकच्या पिष्टमय फळांनीं आजच्या शहरी मुलांसारखे किडलेले होते. उलट आजच्या पॅलिओ ताटांतील कोबी, फुलकोबी आणि ब्रोकोली हीं एकाच रानटी झाडाचीं शेतकऱ्यांनीं घडविलेलीं तीन रूपें आहेत. अश्मयुगांतील मनुष्यानें त्यांपैकीं एकहि ओळखलें नसतें. आपल्या ऋषीच्या भाजींतील मका आणि लाल भोपळा यांचें मूळहि अमेरिकेंत आहे. कोलंबसाच्या सफरीपूर्वीं कोणाहि ऋषीनें ते चाखले असण्याचा संभव नाहीं. देह गोठून राहिला हेंहि खरें नाहीं. प्रौढपणीं दूध पचविण्याची शक्ति कांहीं मानवसमूहांत पशुपालनानंतरच्या काळांतच पसरली. मार्लीन झुक या जीवशास्त्रज्ञ विदुषीनें २०१३ सालच्या आपल्या ग्रंथांत या भ्रमाची चांगली झाडाझडती घेतली आहे. आणि हें सर्व क्षणभर विसरलें तरी, एखादी गोष्ट पूर्वीं तशी होती एवढ्यावरून ती तशी असावी असें ठरत नाहीं, हें ह्यूमनें अठराव्या शतकांत दाखवून दिलेलें आहेच.

पूर्वजांचा हा आधार सुटला म्हणजे दुसरी एक गोष्ट स्पष्ट दिसूं लागते. प्रक्रिया ही स्वतः दोषी नाहीं. सह्याद्रींतील कातकरी आणि ठाकर स्त्रिया रानांतील कडूकंद आणतात, त्याच्या चकत्या करतात, राख घालून उकळतात आणि रात्रभर वाहत्या पाण्यांत ठेवतात, तेव्हां कोठें तो खाण्याजोगा होतो. शेवळाच्या भाजींत काकडाचीं आंबट फळें घातलीं नाहींत तर घसा खाजून जीव नकोसा होतो. रान हें कांहीं वाढून ठेवलेलें ताट नव्हे. तेथील निम्मी विद्या विष काढून टाकण्याची आहे. मग कडूकंदाची प्रक्रिया आणि बिस्किटाची प्रक्रिया यांत फरक कोणता? पहिली खाणाऱ्याच्या हितासाठीं, बहुधा त्याच्या आईनें, केलेली असते. दुसरी विकणाऱ्याच्या हितासाठीं केलेली असते: माल महिनोन् महिने टिकावा, दूर जावा, आणि एकावर दुसरा खाल्ला जावा म्हणून. ही कसोटी लावली कीं ज्वारीची भाकरी, नाचणीचें आंबील, विरजलेलें दूध हीं कडूकंदाच्या बाजूला जातात. आणि 'पॅलिओ' असें छापलेले जे खाऊचे पुडे हल्लीं विकावयास येऊं लागले आहेत, ते बिस्किटाच्या बाजूला.

हा भेद न केल्यामुळें घरांतून काय घडतें तें पाहण्यासारखें आहे. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. वय पन्नाशीच्या आसपास, मधुमेहाची सुरुवात, कचेरींत दिवसभर बैठें काम. त्यांनीं दोन वर्षांपूर्वीं हा आहार धरला, वजन उतरलें, रक्तशर्करा आटोक्यांत आली. ते आनंदांत आहेत आणि त्यांच्या आनंदांत मी सहभागी आहें. पण त्यांच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्रींनीं, ज्यांनीं आयुष्यभर चुलीसमोर बसून भाकऱ्या थापल्या, एके दिवशीं त्यांना विचारलें, "अरे, माझ्या हातच्या भाकरीनें आजारी पडलास का तूं?" ते म्हणाले, "तसं नाहीं गं, आई," आणि पुढें त्यांना बोलतां येईना. कारण त्यांचा पंथ त्यांना नेमकें तसेंच सांगत होता. खरें पाहतां त्यांची प्रकृति बिघडली ती कचेरींतील चारच्या चहाबरोबरच्या बिस्किटांनीं, फरसाणानें आणि गोड पेयांनीं. निदान त्यांनीं मला केलेल्या वर्णनावरून तसें दिसतें. परंतु शेतीनंतरचें सर्व अन्न एकाच गांठोड्यांत बांधणाऱ्या सिद्धान्ताला भाकरी आणि बिस्किट यांत फरक करतां येत नाहीं. दोन्ही एकाच दिवशीं घराबाहेर गेलीं. शिवाय त्या घरांत आतां दोन स्वयंपाक होतात, आणि दुसरा स्वयंपाक कोण करतें हें वाचकांना सांगावयास नको.

आपल्या भाषेंत यासाठीं तीन निरनिराळे शब्द आहेत, आणि ते मिसळूं नयेत असें मला वाटतें: पथ्य, व्रत आणि धर्म. पथ्य रोग्याचें, तें डॉक्टरानें सांगावें आणि रोग्यानें मुकाट्यानें पाळावें. डॉक्टर भाकरी कमी करा म्हणाला तर ती कमी करावी, त्यांत आईच्या हाताचा अपमान नाहीं. व्रत ज्याचें त्यानें आपल्या इच्छेनें घ्यावयाचें. त्याचें मोल त्यागांत असतें, आणि शेजाऱ्यानें तें घेतलें नाहीं म्हणून त्याला कमी लेखण्याचा अधिकार व्रतस्थाला मिळत नाहीं. धर्म मात्र सर्वांसाठीं असतो, आणि म्हणून सर्वांना पाळतां येईल असाच तो असावा लागतो. पॅलिओ आहार हें कित्येकांना उत्तम पथ्य आहे, कित्येकांना चांगलें व्रत आहे. मनुष्यमात्राचा खरा आहार हाच, असें तो म्हणूं लागतो तेव्हां मात्र त्यानें धर्माची परीक्षा दिली पाहिजे.

त्या परीक्षेंत पूर्वजांनाच साक्षीला बोलावूं. आफ्रिकेंतील कलहारीच्या वाळवंटांत रिचर्ड ली हे मानवशास्त्रज्ञ १९६० नंतरच्या दशकांत शिकारी लोकांमध्यें राहिले. तेथील अन्नाचा मोठा भाग स्त्रियांनीं वेंचून आणलेल्या बियांचा व कंदांचा असे. मांस हें अधूनमधूनचें. शिकार मिळाली म्हणजे ती मारणाराची होत नसे. ज्याच्या मालकीचा बाण, त्याच्याकडे वांटणीचें काम जाई, आणि बाण तर सदैव एकमेकांत फिरत. एका नाताळाला लींनीं सर्वांना मेजवानी म्हणून एक चांगला पुष्ट बैल विकत घेतला. जो तो त्यांना म्हणूं लागला, हा कसला बैल, नुसतीं हाडें! बिचारे कष्टी झाले. सण पार पडल्यावर उलगडा झाला कीं, शिकाऱ्यानें कितीहि मोठें जनावर मारलें तरी त्याची अशीच टवाळी करावयाची, म्हणजे त्याच्या डोक्यांत मी सर्वांना पोसतों असा वारा शिरत नाहीं. १९६९ सालीं लींनीं ही हकीकत प्रसिद्ध केली. पूर्वजांचें अनुकरणच करावयाचें तर मला त्यांच्या मांसापेक्षां ही टवाळी अधिक अनुकरणीय वाटते. आजचा पॅलिओपंथी आपलें ताट वेगळें मांडतो, त्यांतील घासाघासाचा हिशेब ठेवतो, आणि इतरांच्या पोळीकडे थोड्या कीवेनें पाहतो. पूर्वजांचें ताट त्यानें उचललें, पंगत मात्र तेथेंच राहिली. तैत्तिरीय उपनिषदांतील भृगूला ब्रह्माचा शोध घेतांना प्रथम सांपडलें तें अन्न. पण त्या अन्नाच्या प्राचीनतेची चौकशी तेथें कोणी करीत नाहीं. तें वाढवावें, आणि दारीं आलेल्याला विन्मुख पाठवूं नये, एवढीच तेथें अट आहे.

आणि दारीं आलेल्यांची संख्या केवढी आहे! शेतीपूर्वींच्या पृथ्वीवर बहुतेक अंदाजांप्रमाणें फार तर एखाद्या कोटीच्या आसपास माणसें होतीं. २०२२ च्या नोव्हेंबरांत तीं आठशें कोटी झालीं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें आपल्या देशांतील सुमारें दोन तृतीयांश लोकांना धान्याचा हक्क दिला. सर्वसाधारण लाभार्थ्याला तो माणशीं महिना पांच किलो. मांस, मासे आणि बदाम यांवर जगणाऱ्यानें, ज्यांचें पोट या पांच किलोंवर भरतें त्यांच्यासमोर धान्य हें विष आहे असें म्हणूं नये. तें खरें तर नाहींच. आणि खरें असतें, तरी म्हणणाऱ्याला प्रथम त्यांच्या जेवणाची दुसरी सोय करावी लागली असती.

ज्यांच्याजवळ हा आदिम आहार आपल्या डोळ्यांदेखत होता, त्यांचें काय झालें हेंहि पाहावें. रायगड आणि ठाण्याच्या डोंगरांतील कातकरी हे खैराचा कात काढणारे, कंद खणणारे, ओढ्यांतील खेंकडे व मासे धरणारे, शेतांतील उंदरांचीं बिळें खणून उंदीर आणि त्यांनीं साठविलेलें भात दोन्ही घरीं नेणारे लोक. इंग्रजी अमदानींत जंगलें सरकारनें राखून ठेवलीं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीला बंदी झाली, आणि वन्य प्राण्यांची स्थिति पाहतां ती व्हावयासहि हवी होती. जमीन बहुतेकांपाशीं नव्हतीच. वीटभट्टीवर आणि कोळसा पाडण्यावर त्यांचे हिंवाळे-उन्हाळे जाऊं लागले, आणि चुलीवर दुकानांतील तांदूळ शिजूं लागला. पुराश्मयुगापासून आजवरचें अंतर त्यांच्यापैकीं कित्येकांनीं दोन-तीन पिढ्यांत तोडलें; कोणी पुस्तक वाचून नव्हे.

मृगाचा पाऊस पडून गेला कीं कर्जत, पेण, पनवेलच्या बाजारांत रस्त्याच्या कडेला या बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. प्रत्येक जुडीबरोबर चार काकडें मोजून देतात, आणि तीं कशीं घालावयाचीं हेंहि नवख्या गिऱ्हाइकाला समजावून सांगतात. अलीकडे हीं गिऱ्हाइकें वाढलीं आहेत. मोटारींतून उतरलेलीं माणसें रानभाजीचे गुण एकमेकांना सांगत, फारशी घासाघीस न करतां, ती विकत घेतात. दुपारपर्यंत टोपली रिकामी होते. मग बाई त्या पैशांतून तेल घेते, मीठ घेते, थोडे तांदूळ घेते, आणि सकाळपासून शेजारीं बसून राहिलेल्या पोरासाठीं पांच रुपयांचा बिस्किटांचा पुडा.